पहाटे पाच चाळीसची धाड

३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज. आदल्या रात्री फराळाचे डबे भरता भरता झोपायला एक वाजला होता. पहाटे पाच चाळीसला पलंगामागच्या भिंतीत कुणीतरी घण घातला. एक मोठा, मागोमाग दोन बारके. कपाटावरचा चकल्यांचा स्टीलचा डबा खणखणला. पलीकडच्या खोलीतून आई (माझ्या सासूबाई, वय ८१) म्हणाल्या, "कोण ठोकतंय गं एवढ्या पहाटे? कुणी काम काढलंय का?"

दिवाळीत कोण काम काढणार? दुसऱ्या दिवशीही पाच चाळीस. तिसऱ्या दिवशी पाच बेचाळीस.

आमची इमारत मुलुंड पूर्वेला. सात मजली, १९९४ची, २८ फ्लॅट. आम्ही चौथ्या मजल्यावर. पलंगामागच्या भिंतीला लागून डक्ट (पाइपांसाठी सोडलेली उभी पोकळी) आहे आणि त्यातून खालच्या पंपाची लाइन गच्चीवरच्या टाकीला जाते. हे मला आता पाठ आहे. तेव्हा एवढंच ठाऊक होतं की इतक्या वर्षांत ही भिंत कधी वाजली नव्हती. हे सगळं मार्गी लागायला अडीच महिने लागले. त्यात बराच वेळ मी चुकीच्या माणसांना चुकीचे प्रश्न विचारण्यात घालवला, म्हणून तारखांसकट लिहून ठेवतेय.

९ नोव्हेंबरला पहिला प्लंबर आला. भिंतीला कान न लावता, लाइन न बघता त्याने निदान केलं, "मॅडम, लाइन में एअर है." घरातले सगळे नळ पाच मिनिटं सोडायला लावले, बादल्या भरल्या, ४०० रुपये घेतले आणि गेला. पुढचे दोन दिवस खरंच आवाज आला नाही. मी चार जणींना त्याचा नंबरही दिला. तिसऱ्या पहाटे धाड. नंतर कळलं की ते दोन दिवस गच्चीवरच्या टाकीची सफाई चालली होती, त्यामुळे पंप पहाटे लावलाच नव्हता.

१६ नोव्हेंबरला दुसरा आला. त्यालाही एअरच सापडली. शिवाय बेसिनच्या नळाचा स्पिंडल 'गेलेला' निघाला. ९५० रुपये. नळ आता छान बंद होतो, त्याबद्दल तक्रार नाही.

२० नोव्हेंबरला विधानसभेच्या मतदानाची सुट्टी होती. शाई लावून आले आणि दुपारी ताईला फोन लावला. ताई गेली अठरा वर्षं लंडनजवळ रेडिंगला राहते. तिच्याकडे भिंतीभिंतीला रेडिएटर आहेत, म्हणजे बॉयलरमध्ये तापलेलं पाणी पंपाने घरभर फिरतं आणि पुन्हा बॉयलरकडे येतं. थंडी सुरू झाली की तिच्याकडेही पाइप वाजतात, हे मी वर्षानुवर्षं ऐकत आलेय. मी म्हटलं, "तू ती चावी फिरवून हवा काढतेस ना, तसं आमच्याकडे काय करायचं?"

ताई म्हणाली, "थांब. हवा काढतात ती गुडगुडीसाठी. रेडिएटर वरून गार आणि खालून गरम लागला तर वर हवा अडकलेली असते. हीटिंग बंद करायचं, खाली फडकं धरायचं, चावी किंचित फिरवायची, फुस्स झालं आणि थेंब आला की बंद. मग बॉयलरवरचा दाब बघायचा, एकच्या खाली गेला असेल तर पाणी भरून घ्यायचं. पण धाडकन आवाज येतो तो हवेचा असेलच असं नाही."

मग तिने तिच्या घरातल्या आवाजांची जंत्रीच सांगितली. पाइप तापताना लाकडी फळ्यांना घासतात, तेव्हा टिकटिक. तिथलं पाणी जड, बॉयलरमध्ये क्षार साठला की किटलीसारखी खदखद. पंपाचा वेग जास्त ठेवला की रेडिएटर गुणगुणतात. तो वेगाचा एक टप्पा, म्हणजे एक घर, कमी केल्यावर थांबले. आणि एकदा एका खोलीत हातोडा मारल्यासारखा आवाज यायचा, तेव्हा तापमान राखणारा व्हॉल्व्ह उलटा बसवलेला निघाला. पाणी ज्या दिशेने जायला हवं त्याच्या उलट येत होतं आणि व्हॉल्व्हची तबकडी आपटत होती.

"आमचा हीटिंगवाला आला की आधी तीन गोष्टी विचारतो," ती म्हणाली. "आवाज कसला, कुठे, आणि त्याच्या आधी काय सुरू किंवा बंद झालं. तू हे लिहिलंयस का?"

मी काहीच लिहिलं नव्हतं. सगळ्यांना 'पाइप वाजतात' एवढंच सांगत होते.

२१ तारखेपासून आईंच्या जुन्या दूधहिशेबाच्या वहीत नोंदी सुरू केल्या. आईंना हे काम फारच आवडलं. मी ऑफिसला गेले की त्या लिहायच्या: 'स. ७.१० टकटक, न्हाणीघर, वरून. दहा-बारा वेळा.' 'स. ६.५० गिझर सूं करतो, मग खदखद.' आठवड्याने वही बघितली आणि मलाच हसू आलं. ज्याला मी एक आवाज समजत होते ते तीन वेगळे आवाज होते. पहाटेची धाड रोज एकदाच, पाच अडतीस ते पाच पंचेचाळीसच्या मध्ये. टकटक फक्त कुणीतरी गरम पाण्याने आंघोळ करायला लागल्यावर. खदखद गिझर लावल्यावर सातआठ मिनिटांनी. प्लंबर आला की मी त्याला यातला जो आठवेल तो करून दाखवत होते. तो तरी काय करणार?

पहाटे पाच चाळीसला इमारतीत काय होतं, हे वॉचमन चाचांना विचारल्यावर अर्ध्या मिनिटात कळलं. पाचला पंप सुरू होतो आणि वरची टाकी भरली की ऑटोवर आपोआप बंद होतो.

२८ नोव्हेंबरला पहाटे साडेपाचला शाल गुंडाळून पंपरूममध्ये गेले. चाचांनी स्टूल पुसून दिलं. पंपाच्या तोंडाशी दोन इंची जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचा) पाइप, त्यावर ओतीव लोखंडाचा एक जुना, रंगाचे थर चढलेला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (वर गेलेलं पाणी परत येऊ न देणारा), मग गेट व्हॉल्व्ह (हाताने फिरवून लाइन बंद करायचा) आणि तिथून लाइन वर. मी पाइपवर तळहात ठेवून उभी राहिले. पंप चालू असताना एकसारखी थरथर लागत होती. पाच एकेचाळीसला पॅनलमध्ये खट् झालं, मोटरचा आवाज उतरत गेला. मोटरमागच्या जाळीतून पंखा दिसत होता. तो मंदावला, थांबला, आणि मग त्याने उलटी गिरकी घ्यायला सुरुवात केली. तेवढ्यात हाताखाली पाइप उडालाच. धाड! भिंतीवरच्या क्लॅम्पमधून रंगाची खपली माझ्या शालीवर पडली. क्लॅम्पचा एक स्क्रू नव्हताच, दुसरा हाताने फिरत होता.

ती उलटी गिरकी हीच सगळी गोष्ट होती. पंप थांबल्यावर सात मजले उंच पाण्याचा खांब वर जायचा थांबतो आणि खाली परतायला लागतो. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हची झडप त्याच क्षणी मिटायला हवी. आमची झडप बिजागरीवर झुलणारी आणि गंजून जड झालेली. ती उशिरा मिटायची. तोवर पाणी वेग घेऊन उलटं निघालेलं असायचं, पंपातून मागे जाऊन पंखा उलटा फिरवायचं, आणि मग झडप एकदम आपटायची. धावतं पाणी क्षणात थांबलं की त्याचा वेग दाबात बदलतो आणि दाबाची लाट लाइनभर धावते. याला वॉटर हॅमर म्हणतात. निकोलाय झुकोव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर प्रयोग करून १८९८ मध्ये याचं गणित मांडलं. सेकंदाला एक मीटर वेगाने जाणारं पाणी लोखंडी पाइपात एकाएकी अडलं तर दाब बारा-तेरा बारने (बार हे दाबाचं माप) उसळतो. आमच्या सात मजल्यांच्या उंचीचा एरवीचा दाब अडीच बारसुद्धा नाही. चकल्यांचा डबा खणखणला यात नवल नव्हतं.

पण मग दिवाळीतच का? सोसायटीच्या बोर्डावर ऑक्टोबरच्या सभेचं इतिवृत्त लावलेलं होतं, ते पहिल्यांदा नीट वाचलं. तीन हॉर्सपॉवरचा जुना पंप काढून दिवाळीच्या आदल्या आठवड्यात पाचचा बसवला होता, टाकी लवकर भरावी म्हणून. लाइन तीच दोन इंची, व्हॉल्व्ह तोच, 'चालतोय ना' म्हणून ठेवलेला. तेवढ्याच पाइपातून जास्त पाणी म्हणजे वेग जास्त. ताईचा पंप एक घर कमी केल्यावर गुणगुण थांबली होती, आमचा दोन घरं वाढवला होता!

मला सगळ्यात उपयोगी पडलेली युक्ती इथे सांगते, कारण तिला एक पैसा लागला नाही. चाचांना विनंती केली की तीन दिवस ऑटोवर सोडू नका. टाकी भरत आली की गेट व्हॉल्व्ह हळूहळू फिरवत जवळजवळ बंद करा आणि लगेच पंप बंद करा. बंद व्हॉल्व्हवर पंप रेंगाळू द्यायचा नाही, पाणी तापतं. २९ आणि ३० नोव्हेंबर, १ डिसेंबर, तिन्ही पहाटे शांत. ४ तारखेला पुन्हा ऑटो, पुन्हा धाड. एअर असती तर व्हॉल्व्ह सावकाश फिरवल्याने ती गेली नसती.

त्याआधी २ डिसेंबरला सोसायटीला पत्र दिलं होतं. दोन प्रती काढा आणि एकीवर सही-शिक्क्यासह पोच घ्या, हे आमच्या ऑफिसातलं शहाणपण घरीही लागू पडतं. पत्रात 'असह्य त्रास' वगैरे न लिहिता वहीतल्या पहाटेच्या नोंदी, पंखा उलटा फिरल्याचा मोबाइलवरचा व्हिडिओ आणि तीन दिवसांच्या प्रयोगाचा निकाल एवढंच दिलं. सेक्रेटरी काकांची पहिली प्रतिक्रिया होती, "तुमच्या भिंतीत आवाज येतो म्हणजे तुमचं अंतर्गत प्लंबिंग. ते मेंबरने बघायचं." मी पोटनियमांची प्रत नेली होती. दुरुस्तीचा कोणता खर्च सोसायटीचा याची त्यात यादीच असते. बाहेरच्या पाण्याच्या लाइनी, पंप आणि टाक्या त्यात आहेत. काकांनी चष्मा लावून ते कलम दोनदा वाचलं. मग म्हणाले, "मीटिंगला घेऊ."

मीटिंग ८ डिसेंबरच्या रविवारी. दुसऱ्या आणि सहाव्या मजल्यावरचे शेजारी म्हणाले, आमच्याकडेही येतो, आम्हाला वाटलं वरचे पाटावरवंटा करतात. पहाटे पाच चाळीसला! तीन कोटेशनं मागवायचं ठरलं.

दरम्यान घरातल्या दोन आवाजांकडे वळले. ७ डिसेंबरला गिझरच्या सर्व्हिसिंगवाल्याने पंचवीस लिटरची टाकी उघडली. एलिमेंटवर पांढऱ्या चुन्याचं जाड कवच चढलं होतं, नखाने टोचलं की पापडीसारखं तुटत होतं. आत मॅग्नेशियमची एक कांडी असते, टाकीऐवजी ती झिजावी म्हणून. तिची नुसती तार उरली होती. महापालिकेचं पाणी तलावांचं, मऊ, त्याने एवढा क्षार धरत नाही. पण २०२४च्या जूनमध्ये दहा टक्के पाणीकपात होती, तेव्हा आम्ही टँकर मागवले होते आणि बोअरचं पाणीही टाकीत सोडलं होतं. ते जड. कवचाखाली अडकलेल्या पाण्याची वाफ होते, बुडबुडे फुटतात, तीच खदखद. ताईच्या बॉयलरचं आणि आमच्या गिझरचं दुखणं एकच निघालं. साफसफाई ७५० आणि नवी कांडी ७०० रुपये. गिझरला हात लावायच्या आधी नुसता स्विच नाही, एमसीबी (बोर्डावरचा त्या सर्किटचा स्विच) पाडा.

टकटकीला तर प्लंबरही लागला नाही. १५ डिसेंबरला नवऱ्याने बाथरूमच्या माळ्यावर टॉर्च धरला आणि मी नळ सोडला. गिझरपासून जाणारा सीपीव्हीसीचा (गरम पाण्याला चालणाऱ्या प्लास्टिकचा) गरम पाइप चार ठिकाणी धातूच्या क्लॅम्पमध्ये करकचून आवळलेला. असा पाइप चाळीस अंशांनी तापला तर मीटरमागे अडीच मिलिमीटर वाढतो. वाढायला जागा नाही, म्हणून अडकत अडकत सरकायचा आणि दर सरकण्याला एक टक्. क्लॅम्प दोन-दोन आटे सैल केले, मध्ये स्कूटरच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घातले. आईंनी वहीत लिहिलं: 'टकटक बंद. ट्यूबचा वास.'

सोसायटीची कोटेशनं यायला डिसेंबर संपला. एक ४६,००० रुपयांचं, पंपाचा वेग हळूहळू कमी करणारा ड्राइव्ह आणि नवीन पॅनल. काम चोख झालं असतं, पण आमच्या दुखण्याला ते फार मोठं औषध होतं. दुसरं ९,८०० रुपयांचं. लाइनला वर टोपी लावलेला एक उभा पाइप जोडायचा, त्यातली हवा गादीसारखी धक्का झेलते. ही हवा हळूहळू पाण्यात विरघळते आणि पाइप पाण्याने भरतो, मग अधूनमधून रिकामा करत बसा. चाचांच्या डोक्यावर आणखी एक काम. तिसरं ११,५०० रुपयांचं, स्प्रिंगवाला नवा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, रबरी जॉइंट आणि डक्टमधले सगळे क्लॅम्प. १२ जानेवारीच्या सभेत तिसरं मंजूर झालं. खर्च दुरुस्ती निधीतून, वेगळी वर्गणी नाही. भागलं तर फ्लॅटमागे ४११ रुपये. सेक्रेटरी काकांनी अट घातली की व्हॉल्व्ह सोसायटीने स्वतः आणायचा, आणि 'तुम्हाला यातलं कळतं' म्हणून माझं नाव पुढे केलं. तक्रार करणाऱ्याच्या गळ्यात काम पडतं, ही तयारी ठेवा.

१८ जानेवारीला, शनिवारी, प्लंबरबरोबर नागदेवी स्ट्रीटला गेले. फास्टने भायखळा, तिथून स्लो पकडून मशीद, पुढे चालत. हातगाड्या चुकवत चालायचं आणि दोन्ही बाजूंना व्हॉल्व्ह, फ्लँज, पंप, नटबोल्ट. दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला, "कितना माला, कितना एचपी?" मग काउंटरवर दोन व्हॉल्व्ह ठेवले. एक झुलत्या झडपेचा, आमच्या जुन्याचाच नवा भाऊ. दुसऱ्याच्या तोंडात अंगठा घालून दाबायला सांगितलं. तबकडी आत गेली आणि अंगठा काढताच स्प्रिंगने टच् करून परत आली. पंप मंदावला, पाण्याचा जोर ओसरला की ही स्प्रिंग पाणी उलटं फिरण्याआधीच दार लावते. आपटायला वेळच मिळत नाही. अंगावर पीएन १६ कोरलेलं, म्हणजे सोळा बारचा. ३,८५० रुपये, पक्कं बिल. तुम्ही गेलात तर जुन्या व्हॉल्व्हचा मापासकट फोटो न्या आणि आटे की फ्लँज (बोल्टने जोडायची चकती) हे आधी बघून ठेवा. आमची एक फेरी त्याने वाचली.

२१ जानेवारीला सकाळी दहा ते दोन काम चाललं. नोटीस दोन दिवस आधी लावली होती, तरी साडेदहाला पाचव्या मजल्यावरून फोन आलाच. जुना व्हॉल्व्ह निघाला तेव्हा त्याची झडप बोटाने ढकलली तर अर्ध्यावर अडकली, मग सुटून खाडकन पडली. चाचा म्हणाले, "येही था क्या, सुबह का चोर!" नवा बसवताना मी एवढंच बघितलं की अंगावरचा बाण वरच्या दिशेला आहे ना. ताईचा उलटा व्हॉल्व्ह डोक्यात होता. प्लंबर जरा वैतागला, पण त्यानेही वाकून पाहिलं. क्रम असा ठेवला: पंप, रबरी जॉइंट, नॉन-रिटर्न, मग गेट व्हॉल्व्ह, म्हणजे पुढे कधी उघडायची वेळ आली तर वरची लाइन रिकामी करावी लागणार नाही. डक्टमध्ये प्रत्येक क्लॅम्पखाली रबर.

२२ जानेवारीला मी पाच वाजल्यापासून जागी. पाच चाळीस झाले, पंचेचाळीस झाले. पाच पन्नासला चाचांचा मेसेज आला, 'टंकी फुल, मोटर बंद.' भिंत गप्प होती.

आई त्या दिवशी सव्वासहाला उठल्या. तोवर दाराबाहेरची दुधाची पिशवी मांजराने फाडली होती आणि जिन्यावर दूध वाहत होतं. "रोज त्या ठोक्याला उठत होते मी," त्या माझ्यावर चिडून म्हणाल्या. संध्याकाळी त्यांच्या मोबाइलवर पाच चाळीसचा गजर लावून दिला.